अभ्यासक्रम ठरवताना कारखान्यालाही विचारा

साखर तंत्रज्ञान शिकून आलेली पोरं हुशार असतात, पण ऐन हंगामात पॅनवर उभी केली की गांगरतात. दोष पोरांचा नाही, शिक्षणाचा आणि कामाचा सांधा जुळत नाही.

सहकारी कारखान्यांनी १९७५ साली मांजरीला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट काढली. तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. ज्याला माणूस लागतो, त्यानंच शिक्षणात लक्ष घातलं. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळातही चीफ केमिस्ट, चीफ इंजिनिअर आणि शेती खात्याचा माणूस बसावा. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की वजन घटतं, उताराही घटतो. गव्हाणीच्या अलीकडचं हे नुकसान पुस्तकात यायला नको का?

मात्र अभ्यासक्रम एकाच कारखान्याच्या यंत्रापुरता नसावा. मूळ शास्त्र विद्यापीठानंच शिकवावं. आपण विद्यार्थ्याला एक पुरा हंगाम काम द्यावं, जाणत्या माणसांचा वेळ द्यावा.

एफआरपी उताऱ्यावर ठरते. कच्च्या हाताची झळ शेवटी आपल्याच बिलाला लागते. सहकारात नोकरी देणारा मालक म्हणजे सभासदच. तेव्हा वार्षिक सभेत हा विषय सभासदांनीच काढावा, असे आम्हास वाटते.