१९३ भागिले १.४४

चिपच्या कारखान्यात वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, नक्षी उमटवतो तो प्रकाश. रेघ बारीक हवी तर तरंगलांबी कमी हवी. २००२ च्या सुमारास उद्योग १९३ नॅनोमीटरवर अडला होता आणि पुढची पायरी १५७ ची, हे जवळपास ठरून गेले होते. पण १५७ म्हणजे खर्चिक पाहुणा. हा प्रकाश हवेतच शोषला जातो, म्हणून यंत्रात नायट्रोजन भरायचा. नेहमीच्या भिंगांतून तो नीट जात नाही, म्हणून भिंगे कॅल्शियम फ्लोराइडच्या स्फटिकांची. आणि ते निर्दोष मिळता मिळेनात. तरी पैसा ओतणे चालूच होते. एवढा ओतल्यावर हात आवरायची छाती कोणाला होते?

तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीतले बर्न लिन यांना त्या वर्षी एका परिसंवादात १५७ विषयीच बोलायला बोलावले होते. त्यांनी भलतेच सांगितले: १९३ च ठेवा, फक्त भिंग आणि वेफर यांच्यामध्ये पाणी घाला. या प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक १.४४. पाण्यात तरंगलांबी तेवढ्या पटीने घटते; भागाकार केला की येतात १३४, म्हणजे १५७ च्याही खाली! मलेरियाच्या स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून भिंग टेकवणाऱ्या लॅब टेक्निशियनला यात फारसे नवल वाटणार नाही. खुद्द लिन १९८७ पासून हे मांडत होते.

कल्पना सुचणे हा मला यातला सोपा भाग वाटतो. खरी चिकाटी दिसते ती नंतर. वेफर वेगाने सरकताना बुडबुडे होतील, डाग राहतील, असे आक्षेप आले, आणि ते खोटे नव्हते. लिन आणि त्यांचे सहकारी त्या बुडबुड्यांच्या, डागांच्या मागे लागले. २००३ मध्ये इंटेलने १५७ चा नाद सोडला. २००४ संपता संपता टीएसएमसीने एएसएमएल या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या पाणीवाल्या यंत्रावर ९० नॅनोमीटरच्या चालत्या चिप काढून दाखवल्या.

आता गुजरातेत धोलेऱ्याला टाटा आणि तैवानची पीएसएमसी यांचा कारखाना येतो आहे, २८ नॅनोमीटरपर्यंतच्या चिपसाठी. म्हणजे याच पाण्याच्या पिढीपर्यंत. यंत्रे विकत मिळतील. पण ठरलेला मार्ग चुकतोय असे भर बैठकीत सांगणारा अभियंता तिथे टिकेल का, याबद्दल मी साशंक आहे. आपल्याकडे असा माणूस आधी आगाऊ ठरतो आणि मग वय झालेला. लिन त्या परिसंवादात बोलले तेव्हा ६० वर्षांचे होते. आपल्या राज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांत त्याच्या दोन वर्षे आधीच शाल-श्रीफळ देऊन त्यांना घरी पाठवले असते.