विश्लेषण : 'अँग्री ऑन मी' म्हटले तर चुकते कुठे? मराठी माणसाचे इंग्रजी विशेषणापाशीच का अडखळते?

'सर आर अँग्री ऑन मी', 'आय ॲम गुड इन कोडिंग', 'शी इज मॅरीड विथ अ डॉक्टर'. पुण्यातल्या आयटी कार्यालयापासून तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजपर्यंत अशी वाक्ये रोज कानावर पडतात. ऐकणाऱ्याला अर्थ पूर्ण कळतो. तरीही मुलाखतीत समोरच्याची भुवई उंचावते, परीक्षेत गुण जातो आणि घरी कोणीतरी चारचौघांत वाक्य दुरुस्त करून देते. या वाक्यांत काळ बरोबर आहे, शब्दांचा क्रमही बरोबर आहे. चुकतो तो विशेषणाला लागून येणारा दोन-चार अक्षरांचा शब्द. इतकी माणसे हीच चूक इतक्या सारखेपणाने का करतात, याचे उत्तर इंग्रजीपेक्षा मराठीत अधिक सापडते.

चूक येते कुठून?

मराठीत सर माझ्या'वर' रागावतात, म्हणून इंग्रजीत 'ऑन' येतो. मुलगा गणिता'त' हुशार असतो, म्हणून 'गुड इन मॅथ्स'. लग्न डॉक्टर'शी' होते, म्हणून 'विथ'. हंडा पाण्या'ने' भरलेला असतो, म्हणून 'फुल विथ वॉटर'. आणि तो माझ्या'पेक्षा' सीनियर असतो, म्हणून 'सीनियर दॅन मी'. बोलणाऱ्याने मराठीचा प्रत्यय उचलून इंग्रजीत ठेवलेला असतो, तोही बिनचूक भाषांतर करून. अपेक्षित इंग्रजी मात्र 'अँग्री विथ मी', 'गुड ॲट मॅथ्स', 'मॅरीड टू अ डॉक्टर', 'फुल ऑफ वॉटर' आणि 'सीनियर टू मी' असे असते.

याचा पडताळा उलट बाजूनेही घेता येतो. 'इंटरेस्टेड इन म्युझिक' म्हणताना मराठी माणूस सहसा चुकत नाही, कारण रस संगीता'त'च असतो. 'प्राउड ऑफ माय डॉटर' हेही सहज जमते, कारण अभिमान मुली'चा' असतो. दोन भाषा जिथे जुळतात तिथे अडचण येत नाही. चुका नेमक्या त्या जुळत नाहीत तिथे होतात. याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. वाक्य मराठीत जुळवायचे आणि मग त्याचे इंग्रजी करायचे ही सवय आपल्याकडे तेव्हापासूनची आहे. पहिलीपासून इंग्रजी येऊनही ती पुरती सुटलेली नाही.

'इन' म्हणजे आत, 'ऑन' म्हणजे वर. मग घोळ काय?

शाळेत प्रिपोझिशनचा तक्ता शिकवला जातो. तो टेबल, पेटी आणि मांजर यांच्यापुरता उत्तम आहे. 'द बुक इज ऑन द टेबल' या वाक्यात 'ऑन' काढून 'अंडर' घातले की पुस्तक खरोखर खाली जाते. तिथे त्या छोट्या शब्दाला स्वतःचा अर्थ असतो. 'अफ्रेड ऑफ डॉग्ज' या वाक्यातल्या 'ऑफ'ला असा वेगळा अर्थ जवळपास उरत नाही. तो तिथे आहे, कारण 'अफ्रेड' या विशेषणाला तोच लागतो.

आवड सांगणारी तीन विशेषणे पाहिली की हे लगेच ध्यानात येते. 'फॉन्ड'ला 'ऑफ' लागतो, 'कीन'ला 'ऑन' लागतो आणि 'इंटरेस्टेड'ला 'इन'. अर्थ जवळजवळ सारखा, जोड मात्र तीन प्रकारचे. मोबाइलच्या तीन चार्जरना तीन वेगळ्या पिना असाव्यात तसे. पिनेचा आकार विजेवरून ठरत नाही, तसा हा शब्दही अर्थावरून ओळखता येत नाही. म्हणून एकटे 'फॉन्ड' पाठ करणे निरुपयोगी आहे. पाठ करायचे ते 'फॉन्ड ऑफ'.

शब्दकोशकारांना हे फार पूर्वी उमगले होते. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह परक्या शिकणाऱ्यांसाठी खास कोश तयार केला. तो १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने पुन्हा काढला. शब्दाचा अर्थ देऊन भागत नाही, तो वाक्यात कसा बसतो हेही सांगावे लागते, ही त्यामागची दृष्टी. आजच्या ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या विद्यार्थी-कोशात 'गुड' शोधले की 'गुड ॲट समथिंग' असा जोड ठळक दिसतो. हे कोश मोबाइलवर फुकट पाहता येतात. आपल्याकडची इंग्रजी-मराठी ॲप्स मात्र बहुधा 'चांगला' एवढे सांगून मोकळी होतात.

अगदीच नियम नाहीत असेही नाही. कौशल्याच्या विशेषणांना सहसा 'ॲट' लागतो : गुड, बॅड, ब्रिलियंट, होपलेस. भीतीच्या विशेषणांना 'ऑफ' : अफ्रेड, स्केअर्ड, टेरिफाइड. सीनियर, ज्युनिअर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधून तुलनेचा अर्थ घेऊनच आले. त्यांना इंग्रजीतले तुलनेचे 'दॅन' लागत नाही, 'टू' लागतो. स्पर्धा परीक्षांचा हा लाडका प्रश्न.

अर्थ खरोखर कुठे बदलतो?

खरे लक्ष द्यायला हवे ते इथे. 'ही इज अफ्रेड ऑफ हिज फादर' म्हणजे त्याला वडिलांची भीती वाटते. 'ऑफ'च्या जागी 'फॉर' आला की वडिलांना काही होईल का, अशी भीती त्याला वाटते. वडील रुग्णालयात असताना मुलाने रजेच्या अर्जात पहिले वाक्य लिहिले, तर वाचणारा भलताच विचार करील. 'टायर्ड फ्रॉम वर्क' म्हणजे कामाने थकलेला, तर 'टायर्ड ऑफ वर्क' म्हणजे कामाला कंटाळलेला. साहेबांना ईमेल पाठवताना हा फरक महागात पडू शकतो.

'गुड'ची तऱ्हा आणखी निराळी. 'गुड ॲट चिल्ड्रन' असे कोणी म्हणत नाही. मुलांना सांभाळण्यात जो पटाईत तो 'गुड विथ चिल्ड्रन', जो त्यांच्याशी मायेने वागतो तो 'गुड टू चिल्ड्रन' आणि दूध 'गुड फॉर चिल्ड्रन'. 'मॅरीड विथ' हेही बरोबर इंग्रजी आहे, पण 'मॅरीड विथ टू किड्स' अशा वाक्यात. तिथे त्याचा अर्थ विवाहित आणि दोन मुले असलेला असा होतो. लग्न मुलांशी झालेले नसते!

आणखी एक अडचण जागेची आहे. मराठीत 'मुलीचा अभिमान असलेला बाप' असे सगळे वर्णन नामाच्या आधी लावता येते. इंग्रजीत 'अ प्राउड फादर' चालतो, पण 'ऑफ हिज डॉटर' जोडायचे झाले तर सगळा डबा नामामागे न्यावा लागतो : 'अ फादर प्राउड ऑफ हिज डॉटर'. प्रश्न विचारताना तर तो छोटा शब्द वाक्याच्या शेपटाला एकटाच लोंबकळतो : 'व्हॉट आर यू अफ्रेड ऑफ?' मराठी कानाला तो अनाथ वाटतो आणि बोलताना गळून पडतो. ही चूक सहसा कोणी दाखवून देत नाही, कारण ऐकणाऱ्याच्याही ती लक्षात येत नाही.

मग इंग्रजांचे तरी एकमत आहे का?

नाही, आणि गुण कापणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे. 'डिफरंट फ्रॉम' सगळीकडे चालते. ब्रिटिश बोलण्यात 'डिफरंट टू' सर्रास ऐकू येते आणि अमेरिकेत 'डिफरंट दॅन'. हेन्री फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध भाषाकोशात 'डिफरंट टू'ला चूक मानणे ही अंधश्रद्धाच ठरवली होती. आपल्या बहुतेक मार्गदर्शक पुस्तकांत मात्र 'फ्रॉम' सोडून बाकी सगळ्यांवर आजही फुली असते. 'बोअर्ड विथ' हे जुने, पुस्तकी रूप. त्याच्या जोडीला 'बोअर्ड ऑफ' इंग्रजांच्या तरुण पिढीनेच रुळवले आणि त्यासाठी त्यांचे गुण कोणी कापले नाहीत.

लंडनच्या माणसाने जोड बदलला तर तो भाषेतला बदल आणि लातूरच्या मुलीने बदलला तर ते कच्चे इंग्रजी, हा न्याय तपासून पाहण्यासारखा आहे. 'अफ्रेड ऑफ' आणि 'अफ्रेड फॉर' यांतली गफलत शिक्षकाने थांबून, फळ्यावर लिहून समजावलीच पाहिजे, कारण तिथे निरोपच चुकीचा पोहोचतो. 'अँग्री ऑन मी'ला तेवढीच मोठी लाल रेघ मारण्याचे कारण नाही. कोडमध्ये एक अर्धविराम राहिला की प्रोग्रॅम अडतो, बोलण्यात तसे होत नाही. ते वाक्य दुरुस्त जरूर करावे, पण मुलीला जे सांगायचे आहे ते पूर्ण सांगून झाल्यावर. सरांचा राग कशावरून झाला, हे तिला अजून सांगायचे असते.