तेरा वर्षांच्या मुलींची गोष्ट



यंदाचा दिवाळी अंक आम्ही बारा ते पंधरा वर्षांच्या मुलींना वाहिला आहे. अंकाची आखणी चालू असताना काही स्नेह्यांनी विचारले, "मग बाकीच्यांनी काय वाचायचे?" २०२२ मध्ये 'टर्निंग रेड' या पिक्सार स्टुडिओच्या अ‍ॅनिमेशनपटालाही नेमका हाच प्रश्न विचारला गेला होता.

चित्रपटाची गोष्ट २००२ साली टोरांटोच्या चायनाटाउनमध्ये घडते. तेरा वर्षांची मेई ली अभ्यासात हुशार, आईच्या शब्दाबाहेर न जाणारी, घरच्या देवळाची झाडलोट करणारी. एका सकाळी ती उठते तीच भलामोठा लाल पांडा होऊन. भावना अनावर झाल्या की तिचा पांडा होतो. आईला वाटते, लेक न्हाती झाली. ती पॅडची पाकिटे घेऊन थेट शाळेत पोहोचते आणि मेईला मेल्याहून मेल्यासारखे होते. मुलांच्या चित्रपटात पॅड कशाला, म्हणून काही पालकांनी नाके मुरडली. चित्रपटाचा प्रेक्षक फारच मर्यादित आहे, असे एका अमेरिकी संकेतस्थळावरच्या परीक्षणात म्हटले होते. टीका झाल्यावर ते मागे घेण्यात आले.

पण हा प्रश्न कुणाला विचारला जातो, तेही पाहू. १९९५च्या 'टॉय स्टोरी'पासून पिक्सारच्या पहिल्या बारा चित्रपटांत एकाही मुलीला मुख्य भूमिका नव्हती. खेळणी, मोटारी, उंदीर यांच्या गोष्टी मात्र बिनबोभाट सगळ्यांच्या ठरल्या. मुलगी मध्यभागी आली ती तेराव्या चित्रपटात, 'ब्रेव्ह'मध्ये (२०१२). त्याची कल्पना ब्रेंडा चॅपमन यांना स्वतःच्या लेकीवरून सुचली होती, पण निम्म्या वाटेवर दिग्दर्शन त्यांच्याकडून काढून घेतले गेले. पिक्सारचा चित्रपट एकट्या स्त्रीने दिग्दर्शित केला, तो थेट पंचविसावा: चीनमध्ये जन्मलेल्या आणि टोरांटोत वाढलेल्या डोमी शी यांचा 'टर्निंग रेड'.

त्याने काय फरक पडला, ते मेईच्या शाळेत दिसते. तिच्या मैत्रिणींत मिरियम आहे, कोरियन वंशाची अ‍ॅबी आहे आणि भारतीय वंशाची प्रिया आहे. प्रियाला आवाज दिला तो तमिळ-कॅनेडियन मैत्रेयी रामकृष्णन हिने. एका मुलीच्या दंडावर मधुमेहाचे उपकरण आहे. त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही. टोरांटोतली शाळा जशी असते, तशीच ती दाखवली आहे. तरीही प्रियाच्या घरी काय चालते, तिचे आईबाप कसे आहेत, हे चित्रपट सांगत नाही. वर्गात जागा मिळणे वेगळे आणि गोष्ट आपल्या हाती येणे वेगळे.

आपल्याकडे तरी काय? 'टिंग्या', 'शाळा', 'फँड्री', 'किल्ला', 'नाळ' हे सगळे चित्रपट मुलग्यांच्या नजरेतून उलगडतात. ते उत्तमच आहेत. ते पाहून आयाबहिणींनी डोळे पुसले, तेव्हा 'हे फक्त मुलग्यांसाठी' असे कुणी म्हटले नाही. 'नाळ २' मधली चिमुकली चिमी सर्वांच्या मनात घर करून गेली, पण तीही नायक चैत्याच्या गोष्टीतली बहीण. वसतिगृहात राहणारी, ऊसतोडीच्या फडावरून शाळेत परतणारी, दुबईत मराठी घरात वाढणारी तेरा वर्षांची मुलगी आपल्या पडद्यावर मध्यभागी कितीदा येते?

या अंकातल्या कथा, लेख आणि चित्रे अशा मुलींना मध्यभागी ठेवतात. काही मुलींनी स्वतःच लिहिले आहे. त्यांची भाषा आम्ही 'सुधारलेली' नाही. वडीलधाऱ्यांनी, विशेषतः बापांनी आणि भावांनी, हा अंक आवर्जून वाचावा. आणि घरातल्या मुलीच्या हाती तो देताना एक कोरी वहीही द्यावी. तिने लिहिलेले आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.



— संपादक