एवढ्याशा रबरासाठीं

हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या गावीं एखाद्या जुन्या वाड्याच्या अंगणांत ताडपत्रीखालीं उभी असलेली 'फियाट' पाहिली कीं आम्हांस हळहळ वाटते. इंजिन शाबूत, पत्रा दणकट, गाद्या बसण्याजोग्या. आणि तरी गाडी जागची हलत नाहीं. कारण विचारावें तर उत्तर मिळतें, "एक वॉशर मिळत नाहीं." एवढी मोठी वस्तु एवढ्याशा रबरासाठीं अडून राहावी, या प्रकाराचा थोडा विचार आज करूं.

सोलापूरच्या कै. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर कंपनी काढली; तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेल्या 'फियाट'नें व पुढें 'पद्मिनी'नें अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांस पहिली मोटार दिली. नव्या शतकाच्या आरंभीं ती निघेनाशी झाली. तरीही सुटे भाग बरींच वर्षें मिळत राहिले, याचें मोठें श्रेय मुंबईच्या टॅक्स्यांस. टॅक्सी रोज धांवते, रोज झिजते, म्हणून दुकानदार माल ठेवतो. ऑक्टोबर २०२३ मध्यें तेथील उरल्यासुरल्या पद्मिनी टॅक्स्याही रस्त्यावरून गेल्या. आतां वर्षाकांठीं एखादें गिऱ्हाईक येणार. त्यासाठीं कोणता व्यापारी कपाट अडवून ठेवील?

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. लोखंडाचा भाग सहसा माणसास अडवीत नाहीं. चांगला कारागीर तो लेथवर घडवून देतो. अडवितें तें रबर. त्यास सांचा लागतो, आणि एका वॉशरासाठीं सांचा कोण करणार? शिवाय ब्रेकच्या सिलिंडरांतील वॉशर, दाराच्या कडेची पट्टी, रेडिएटरची नळी, या वस्तु उष्णतेनें व हवेनें वापराविनाही कडक होतात, तडकतात. म्हणून वीस वर्षें पेटींत जपलेला कोरा भाग सांपडला, तरी तो नवा असतोच असें नाहीं.

हिंगोलींत नाहीं म्हणून नांदेडास जावें, मग पुण्याची नाना पेठ, शेवटीं मुंबईस कुर्ला, असा हा शोध चालतो. वॉशराची किंमत थोडी. प्रवासाचा खर्च मात्र हजारांत. बरें, आणलेला भाग मापास उतरेलच, याची हमी कोण देणार?

अशा वेळीं "कांहींतरी बसवून द्या" असें म्हणण्याचा मोह होतो. कांच वर घेण्याची मूठ, दाराची पट्टी, येथें तडजोड खपून जाईल. ब्रेकच्या बाबतींत ती कदापि करूं नये. ब्रेकमध्यें ठरलेल्या तेलाऐवजीं साधें खनिज तेल घातलें, तरी आंतील वॉशर फुगतात आणि ऐन उतारावर ब्रेक दगा देतो. मुलांमाणसांस घेऊन औंढ्यास नागनाथाच्या दर्शनास निघणाऱ्या गृहस्थानें ही काटकसर करण्यापेक्षां गाडी अंगणांत उभी राहिलेली बरी.

कायदा खासगी मोटारीस पंधरा वर्षांची नोंदणी देतो व तपासणींत ती योग्य ठरल्यास पुढें पांच-पांच वर्षें वाढवितो. म्हणजे गाडीनें जगावें यास आपल्याकडे हरकत नाहीं. पण जगण्यास लागणारा वॉशर कोणीं पुरवावा? डिसेंबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळ उघडलें, हें स्तुत्य होय. परंतु ज्या गाडीचा कारखानाच मिटला, तिच्या मालकास त्याचा उपयोग थोडाच.

तोंवर तीन गोष्टी आपल्या हातीं आहेत. काढलेला जुना भाग फेंकूं नये; त्याचें नांव व माप लिहून तो डबींत ठेवावा, कारण नमुना असेल तर दुसरा घडविणें सोपें जातें. दुर्मिळ भाग मिळाला तर धातूचे दोन घ्यावे, रबराचे गरजेपुरतेच. आणि गावांतील वृद्ध मिस्त्रीस हाताखालीं एखादा मुलगा तयार करावयास सांगावें. सुटा भाग एक वेळ कुर्ल्यास मिळेल. तो कोणत्या बाजूनें व किती आवळून बसवावयाचा, हें ज्ञान मात्र त्या मिस्त्रीबरोबरच जाईल.