त्सुशिमाचे भूत : किती खरे, किती फुगवलेले?

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

लोकप्रियता ही मोठी फसवी गोष्ट आहे. एखाद्या कलाकृतीचे चार जणांनी कौतुक केले की पाचवा ती न पाहताच मान डोलावतो, आणि सहावा विरोधात बोलला तर त्याला रसिकतेच्या पंक्तीतून उठवले जाते. आमच्या कट्ट्यावर सध्या हे स्थान 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' या व्हिडिओ गेमला मिळाले आहे. त्याच्याविषयी शंका काढणे म्हणजे चहाच्या टपरीवर स्वतःच्याच पैशाने शत्रू जमवणे होय. तरीही हे धाडस मी करणार आहे. हा खेळ टाकाऊ आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण ज्या गुणासाठी त्याला डोक्यावर घेतले जाते, तो गुणच त्याच्यात सर्वांत कमी आहे, असे माझे मत आहे.

गुरुजनांपैकी ज्यांचा या विषयाशी परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. हा खेळ अमेरिकेतील सकर पंच या संस्थेने तयार केला आणि जुलै २०२० मध्ये तो बाजारात आला. इ. स. १२७४ मध्ये मंगोल सैन्य जपानच्या त्सुशिमा बेटावर उतरले, ही त्याची पार्श्वभूमी. कोमोदाच्या किनाऱ्यावर झालेल्या लढाईत सामुराई कापले जातात आणि जिन साकाई हा तरुण वाचतो. समोरासमोर लढून या शत्रूपुढे निभाव लागणार नाही, हे त्याला उमगते. मग तो अंधारात दबा धरून, पाठीमागून वार करून, विष वापरून मंगोलांना जेरीस आणतो. लोक त्याला 'भूत' म्हणू लागतात. ज्याने त्याला लहानाचे मोठे केले तो मामा, सरदार शिमुरा, मात्र त्याने कुळाची अब्रू घालवली असे मानतो. खेळाडूला सबंध बेटावर घोड्यावरून मन मानेल तिकडे फिरता येते. म्हणून अशा खेळाला खुल्या जगाचा खेळ म्हणतात.

प्रथम श्रेय द्यायचे ते देऊन टाकू. हा खेळ दिसायला अप्रतिम आहे. वाऱ्यावर डोलणारे पांढरे तुरे, लाल पानांची रानं, धुक्यातली देवळे पाहून डोळे निवतात. रस्ता दाखवण्यासाठी पडद्यावर बाण किंवा नकाशा नाही; वारा ज्या दिशेला वाहतो त्या दिशेला जायचे, ही कल्पना खरोखर कवीची आहे. २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स' या समारंभात कलादिग्दर्शनाचा पुरस्कार त्याला मिळाला, तो योग्यच होता. जपानच्या 'फामित्सू' या नामवंत साप्ताहिकाने त्याला ४० पैकी ४० गुण दिले. सप्टेंबर २०२० मध्ये वादळाने त्सुशिमावरील वातात्सुमी देवस्थानाचे तोरण पडले, तेव्हा ते पुन्हा उभारण्यासाठी वर्गणीचे आवाहन झाले. मागितले होते ५० लाख येन. जमले २ कोटी ७० लाखांहून अधिक, आणि देणाऱ्यांत हा खेळ खेळलेले पुष्कळ लोक होते. पुढे २०२१ मध्ये त्सुशिमाने खेळाच्या दोन दिग्दर्शकांना आपले पर्यटनदूत नेमले. एका खेळाने दूरच्या बेटाविषयी एवढी माया निर्माण करावी, ही लहान गोष्ट नव्हे.

पण चित्र सुंदर असणे वेगळे आणि कथा थोर असणे वेगळे. खेळाचे भक्त म्हणतात की यात इतिहास जिवंत झाला आहे, यात धर्मसंकट आहे, यात कुरोसावा आहे. या तीनही दाव्यांचा एकेक करून विचार करू.

इतिहासाचा दावा सर्वांत लंगडा आहे. खेळातला नायक जागोजागी बसून हायकू रचतो. हायकूला जे रूप आज आपण ओळखतो ते सतराव्या शतकात घडले. ज्या वर्षी मंगोल त्सुशिमावर उतरले, त्या वर्षी देवगिरीवर रामदेवराव यादव राज्य करीत होता आणि परंपरेप्रमाणे ज्ञानेश्वरांचा जन्म व्हायला अजून एक वर्ष होते. रामदेवरावाच्या शिपायाच्या तोंडी पेशवाईतली लावणी घातली तर आपल्याला हसू येईल. जपानच्या बाबतीत मात्र आपण 'वा, काय वातावरण आहे!' म्हणतो. तलवारी आणि चिलखतेही बरीचशी पुढच्या शतकांतली आहेत. पण एवढ्यावरून मी खेळाला दोष देणार नाही. खेळ हा खेळ आहे, ते बखरीचे पान नव्हे. आपल्याकडच्या ऐतिहासिक चित्रपटांना आपण याहून मोठी माफी देतो.

माझी तक्रार आहे ती धर्मसंकटाविषयी, कारण ज्यासाठी खेळाला गंभीरपणे घ्या असे सांगितले जाते ती गोष्ट हीच आहे. लपून वार करावा की उघड्यावर लढून मरावे, असा पेच जिनपुढे आहे. पहिल्यांदा तो पाठीमागून वार करतो तेव्हा मामाची जुनी शिकवण आठवून त्याचा हात थरथरतो. प्रसंग परिणामकारक आहे, यात शंका नाही. पण ही शिकवण आली कुठून? 'बुशिदो' म्हणून जी नीटनेटकी आचारसंहिता जगाला माहीत आहे, ती बरीचशी तोकुगावांच्या दीर्घ शांततेच्या काळात घडली, जेव्हा सामुराईंना लढायला युद्धेच उरली नव्हती. आणि जगभर ती पोहोचवली इनाझो निटोबे यांच्या पुस्तकाने. ते पुस्तक १९०० च्या सुमारास अमेरिकेत प्रसिद्ध झाले, आणि तेही इंग्रजीत लिहिलेले!

तेराव्या शतकातला खरा सामुराई कसा होता, याचा साक्षीदार उपलब्ध आहे. ताकेझाकी सुएनागा नावाचा एक योद्धा १२७४ आणि १२८१ या दोन्ही मंगोल स्वाऱ्यांत लढला. आपल्या पराक्रमाची चित्रपट्टी त्याने काढून घेतली; ती आजही जपानमध्ये जतन केलेली आहे. हा गडी पहिल्या लढाईत मोजक्या स्वारांनिशी पुढे घुसला, कारण सर्वांत आधी भिडणाऱ्याला बक्षीस मिळत असे. बक्षीस मिळाले नाही, तेव्हा प्रवासखर्च जमवून तो कामाकुराला गेला आणि अधिकाऱ्यांपुढे आपली तक्रार मांडून जमिनीचा हक्क व घोडा घेऊनच परतला. १२८१ मध्ये जपानी योद्धे लहान होड्यांतून मंगोल जहाजांवर चालून जात, रात्री छापेही घालीत. त्यामुळे कोणाची अब्रू गेल्याचे ऐकिवात नाही. त्सुशिमावर १२७४ मध्ये खरोखर लढून पडला तो सो सुकेकुनी, सुमारे ८० स्वारांसह. खेळात ८० चा आकडा शिल्लक आहे, सुकेकुनी मात्र नाही. आता सांगा, वतनासाठी कामाकुरापर्यंत पायपीट करणारा सुएनागा अधिक जिवंत माणूस, की मामाच्या आठवणीने डोळे मिटणारा जिन?

मराठी वाचकाला तर हा पेच आणखीच परका वाटायला हवा. आपल्या भिवंडीचे नाव ज्या इतिहासात येते तो आठवा. १६५७ मध्ये शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीच्या आसऱ्याने झाली. पुढे फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीच्या अरुंद वाटेत कारतलबखानाची फौज कोंडली गेली. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालात रात्री शिरून शाएस्ताखानाची बोटे छाटली गेली. शाहीर हे प्रसंग मान खाली घालून गात नाहीत, डफावर थाप मारून गातात. थोड्या माणसांनी मोठ्या फौजेशी लढायचे तर डोंगर, अंधार आणि वेग हीच त्यांची शस्त्रे, हे इथल्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही. गनिमी कावा ही आपल्याकडे शरमेची बाब कधीच नव्हती. म्हणूनच आमचे मित्र जेव्हा जिनच्या अपराधी भावनेने गहिवरतात, तेव्हा मला आश्चर्य वाटते.

अर्थात आपल्या इतिहासात नीतीचा प्रश्न नव्हता असे नव्हे. पण तो वेगळ्या जागी होता. राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणावैरण आताच संपवू नका, रयतेला उपद्रव देऊन काही उचलू नका, रात्री दिवे जळते ठेवू नका, नाहीतर उंदीर जळती वात पळवील आणि गवताची गंज पेटेल, असा त्याचा आशय आहे. वार समोरून करावा की मागून, याची या पत्राला चिंता नाही. त्याला चिंता आहे ती शेतकऱ्याच्या धान्याची. युद्धातली खरी नीती इथे आहे, आणि त्सुशिमाच्या खेळात ती औषधालाही सापडत नाही. विष वापरण्याची किंमत तेवढी एकदा दाखवली आहे. जिनचे विष मंगोल शिकून घेतात आणि लोकांवरच उलटवतात. तो कथेतला सर्वांत खरा भाग. पण तो धागाही पुढे सोडून दिला जातो.

दुसरा दोष याहून मोठा आहे. खेळ आणि कादंबरी यांत फरक हा की खेळात निवड आपल्या हातात असते. इथे मात्र तुम्ही प्रत्येक शत्रूला हाक मारून, समोर उभे राहून लढलात, तरी कथा तुम्हाला भूतच ठरवते आणि मामा तुम्हालाच बोल लावतो. अगदी शेवटी मामाला मारायचे की सोडायचे एवढे विचारले जाते. तोवरचा सारा रस्ता आखून दिलेला. धर्मसंकट नायकाचे, खेळाडूचे नव्हे. मग घोड्यावरून कुठेही फिरण्याच्या त्या मोकळिकीचा उपयोग काय? कोल्ह्याच्या मागे जायचे, देवळीपुढे हात जोडायचे. अशी कोल्ह्यांची ठिकाणे आहेत ४९! गरम पाण्याचे झरे, बांबू तोडण्याच्या जागा, मंगोलांचे तळ, सारे पुन्हा पुन्हा तेच. आपल्या गावातल्या माणसाला हे लवकर कळेल. पहिल्या वारात नक्षी डोळ्यांत भरते, पण धोटा इकडून तिकडे जात राहतो आणि ताग्याच्या शेवटापर्यंत तीच वीण निघते.

राहिला कुरोसावा. खेळात चित्र कृष्णधवल करण्याची सोय आहे आणि तिला त्या थोर दिग्दर्शकाचे नाव दिले आहे. पण कुरोसावा म्हणजे केवळ काळा-पांढरा रंग आणि पावसाच्या धारा काय? १९५४ च्या 'सेव्हन सामुराई'त गावकरी भित्रे आहेत, लबाड आहेत, धान्य लपवतात, आणि तरी चित्रपट त्यांचाच आहे. शेवटी सामुराई आपल्या सोबत्यांच्या थडग्यांकडे पाहत उभे राहतात आणि शेतकरी भाताची लावणी करीत असतात. त्सुशिमाच्या खेळातला गावकरी बहुधा सुटका करून घेण्यासाठी असतो. युना ही चोरीवर जगलेली स्त्री एवढाच सन्माननीय अपवाद. तिचे पात्र नायकाहून सरस उतरले आहे. कुरोसावाची चौकट घेतली, पण त्याची माणसे घेतली नाहीत.

यावर कोणी म्हणेल की खेळणारे खेळोत, तुम्हाला कशाला एवढी उठाठेव? उठाठेव अशासाठी की आज ना उद्या मराठ्यांच्या इतिहासावर असाच भव्य खेळ निघेल, आणि तो त्सुशिमाच्या साच्यातूनच काढण्याचा मोह होईल. ज्या समारंभात त्सुशिमाला पुरस्कार मिळाला, त्याच समारंभात पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या चमूच्या 'राजी' या खेळाला पदार्पणाच्या गटात नामांकन होते. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणी मागितली तेव्हा ठरलेली रक्कम जमली नव्हती. तरीही त्यांनी खेळ पुरा केला. म्हणजे आपल्याकडे करणारे हात आहेत. प्रश्न आहे तो डोळ्यांचा.

आणि या बाबतीत आपण अमेरिकनांना हसण्यात अर्थ नाही. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. तिला समकालीन आधार नाही असे अनेक अभ्यासक सांगतात, तरी ती आपल्याला चिपळूणच्या पत्राहून प्रिय आहे. कारण दंतकथा चित्रासारखी दिसते आणि पत्र हिशेबासारखे. ज्या दिवशी आपल्यातला एखादा कॉम्प्युटर शिकणारा मित्र इतिहासाच्या विद्यार्थ्याला सोबत घेऊन दप्तरखान्यात जाईल, आणि वैरण संपत आलेल्या छावणीचा पेच खेळात आणील, त्या दिवशी खेळाडूला खरे धर्मसंकट कळेल. समोर उपाशी घोडे असतील, शेजारी शेतकऱ्याचे भरलेले कणगे असेल, आणि निवड खरोखर त्याच्या हातात असेल.

तोवर त्सुशिमा जरूर पाहावा, ज्याला परवडेल त्याने खेळावा. आपल्यापैकी बहुतेकांनी तो मोबाईलवर दुसऱ्याला खेळताना पाहूनच त्याच्याविषयी मत बनवले आहे, आणि पाहताना तो सुंदरच दिसणार. त्याला उत्तम चित्रकलेचे गुण भरभरून द्यावेत. इतिहासाच्या आणि नीतिशास्त्राच्या पेपरात मात्र तो काठावर पास आहे, आणि काठावर पास झालेल्याची गावातून मिरवणूक काढण्याचे कारण नाही.