पट्ट्यावर तिचे नाव कोठे आहे?

आदिवासी स्त्रीच्या विकासाचा विषय निघाला की आपली नजर बचत गट, शिलाई मशीन आणि शेळीपालन यांच्यापलीकडे जात नाही. शेळीला आमचा विरोध नाही. परंतु जी बाई मोह वेचते, तेंदूपाने तोडते, शेत कसते, तिचे नाव जमिनीच्या कागदावर आहे काय, हे कोणी विचारत नाही.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या कलम ४(४) नुसार विवाहित दावेदाराचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. कुटुंब एकट्या बाईचे असेल तर पट्टा तिच्याच नावे. २०१२ साली नियमांत दुरुस्ती झाली. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि उपस्थितांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. पण हजेरीवही घरोघर फिरवून अंगठे गोळा केले, तर या तरतुदीला अर्थ उरत नाही.

गडचिरोलीतील मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ साली बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. जंगलाचा पैसा जेथे ग्रामसभेत मोजला जातो, तेथे सभेत बसलेल्या बाईच्या शब्दाला किंमत येते. हे कोणत्याही शिबिराने होत नाही.

वारशाचे दुखणे जुने आहे. हिंदू कोड बिल रखडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. पुढे १९५६ चा वारसा कायदा झाला, पण कलम २(२) ने अनुसूचित जमातींना त्यातून वगळले. विधवा आणि मुलगी रूढीच्या हवाली झाल्या. जुलै २०२५ मध्ये एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा समान वाटा मान्य केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय १९५६ चा कायदा जमातींना लागू होत नाही, असेही याच न्यायालयाने सांगितले. म्हणजे प्रत्येक मुलीने स्वतंत्र खटला लढायचा!

आदिवासी हिंदू नाहीत, म्हणून हिंदू कायदा नको, हे आम्हालाही मान्य आहे. मग आदिवासी स्त्रीसाठी स्वतंत्र वारसा कायदा करा. रूढीची ढाल पुढे करून बहिणीचा वाटा गिळणाऱ्या भावांची बाजू चळवळीने घेऊ नये.

तोवर पाड्यावर जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी आधी पट्ट्याची नक्कल पाहावी. पत्नीचे नाव नसेल तर ग्रामसभेचा ठराव घेऊन उपविभागीय समितीकडे दुरुस्तीचा अर्ज द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये.