बिचाऱ्या यंत्राचा काय गुन्हा?

दिवाळीच्या साफसफाईत हल्ली घरोघरी एक नवाच अपराध मोठ्या उत्साहाने घडतो. माळ्यावरचे कॅसेटींचे खोके खाली उतरते. आजोबांचे भजन, आत्याच्या लग्नातली सनई, आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या, असे सारे एखाद्या दुकानातून पेनड्राइव्हवर उतरवून आणतात आणि मूळ कॅसेटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवतात. पुढे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तो पेनड्राइव्ह घरच्या म्युझिक प्लेअरला लावावा, तर तंबोरा पाण्यात बुडाल्यासारखा वाजतो, झांज फुटक्या डब्यासारखी! लगेच घरातले जाणते निकाल देतात, "प्लेअर बिघडला. नवा आणा."

आमचे म्हणणे असे, की प्लेअर निर्दोष आहे. चोथा वाढायचा आणि रसाची चव मागायची, हा कुठला न्याय?

मुळात घडते काय ते पाहा. सीडीवर गाणे असते तेव्हा दोन्ही वाहिन्यांवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप नोंदलेले असते. त्याला मिनिटामागे सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. १९९० च्या दशकात एवढी जागा कोणाला परवडत नव्हती. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांच्यासारख्या संशोधकांनी तोड काढली, ती एमपी-थ्री. मोठ्या आवाजाच्या आड बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, तेव्हा तो टाकून द्यावा, हे तिचे तत्त्व. युक्ती नामी आहे, हे कोण नाकारील? ३२० किलोबिटांचा दर, म्हणजे मिनिटाला सुमारे अडीच मेगाबाइट जागा दिली, तर मूळ कोणते नि नक्कल कोणती हे सांगताना भल्याभल्यांची त्रेधा उडते.

पण आमचा दुकानदार तेच मिनिट अर्ध्या मेगाबाइटात कोंबतो! मग ऐकू न येणारे टाकून भागत नाही, ऐकू येणारेही टाकावे लागते. तंबोऱ्याची जवारी जाते. तबल्याची थाप पडण्याआधीच तिची पुसट सावली कानावर येते. "अहो, कॅसेट जुनी, तिला एवढी जागा कशाला?" असे वर ऐकवतात. हे तर शुद्ध उफराटे! जुन्या कॅसेटीत जो अखंड सुसकारा असतो, तोच आकसून बसवायला सर्वांत कठीण. मोजक्या जागेतला मोठा वाटा तो गिळतो आणि आजोबांच्या वाट्याला उरलेसुरले येते. कॅसेट जुनी, म्हणूनच तिला जागा जास्त हवी.

यंत्रावर आरोप ठेवण्याआधी एवढी परीक्षा करावी. एकच गाणे आधी सीडीवरून, मग फाइलवरून, त्याच स्पीकरवर, आवाज सारखा ठेवून ऐकावे. सीडी स्वच्छ वाजली, तर दोष फाइलचा. दोन्ही सारखीच वाईट वाजली, तर मात्र स्पीकर आणि वायरी तपासाव्यात. प्लेअर ब्लूटूथने जोडला असेल, तर एकदा वायरीने जोडून पाहावा, कारण ब्लूटूथही बहुधा गाणे पुन्हा आकसूनच पाठवते.

याहून घातक सल्ला म्हणजे लहान फाइल 'मोठ्या दराची' करून घेण्याचा. वाचकहो, चिपाडावर घागरभर पाणी ओतल्याने रस वाढतो काय? फाइल फुगते, गेलेला सूर परत येत नाही. उलट एमपी-थ्रीची पुन्हा एमपी-थ्री करताना आणखी थोडा जातो.

उपाय २००१ सालापासून फुकट उपलब्ध आहे. त्याचे नाव फ्लॅक. ही पद्धत गाण्याची घडी घालते, कापत काही नाही. उलगडले की मूळ जसेच्या तसे. तासाभराच्या कॅसेटीला साधारण साडेतीनशे मेगाबाइट लागतील. म्हणजे ६४ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर दीडशेहून अधिक कॅसेटी मावतील. इतक्या आहेत कोणाच्या माळ्यावर? मग ही काटकसर कोणासाठी? घरचा प्लेअर फ्लॅक वाजवीत नसेल, तर फ्लॅकवरून मोठ्या दराची एमपी-थ्री करून त्याला द्यावी. पोथी देव्हाऱ्यात, नक्कल हातात. आणि त्या पोथीचीही एक प्रत दुसऱ्या घरी असावी.

बाजारातले गाणे पुन्हा विकत मिळते. १९०२ साली कलकत्त्यात मुद्रित झालेली गौहर जान आज ऐकू येते, कारण त्या तबकड्या कोणीतरी जपल्या. तुमच्या आजीच्या ओव्यांची दुसरी तबकडी कोणत्याही कंपनीच्या कपाटात नाही. तेव्हा कॅसेटी देण्याआधी दुकानदाराला "फ्लॅकमध्ये देणार का?" एवढे स्पष्ट विचारा. तो "चालतंय हो, कोणाला कळतंय!" म्हणाला, तर खोके उचला आणि दुसरे दुकान गाठा. भंगारवाल्याला रद्दी द्या, डबे द्या; आजी देऊ नका.